मधमाश्यांच्या पेटीतलं काम वय ठरवतं की बापाचं रक्त?

मेढ्याचा मधपाळ: कामकरी माशी आधी पोळ्यातली घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, पुढे दाराशी पहारा देते आणि साधारण तीन आठवड्यांची झाली की रानात जाते. आपण सगळे हेच शिकलो. माझ्या मते हे अर्धंच आहे. राणी दहा-वीस नरांशी जुळते, म्हणजे पेटीत आई एक पण बाप डझनभर. १९८८ साली रॉबिन्सन आणि पेज या मधमाशी-अभ्यासकांनी दाखवलं, की पहारा देणाऱ्या आणि मेलेल्या माश्या बाहेर ओढणाऱ्या माश्या काही ठरावीक बापांच्या मुलींत जास्त निघतात. म्हणून पेट्यांत वेगवेगळं रक्त राहावं यासाठी एकाच चांगल्या पेटीतली राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, सगळीकडे लावणं थांबवा.

सातेरीवाला, महाबळेश्वर: नाही पटत. गेल्या वर्षी जांभळाच्या फुलोऱ्यात एक पेटी भर दुपारी वीसेक फूट सरकवावी लागली. रानात गेलेल्या माश्या जुन्या जागीच येऊन घिरट्या घालत राहिल्या. सरकवलेल्या पेटीत उरल्या फक्त कोवळ्या. चार-पाच दिवस दारात शुकशुकाट. मग त्याच कोवळ्या, अंगावरची लव अजून गेली नाही अशा, पायाला पराग लावून यायला लागल्या. त्यांचे बाप बदलले का? नड पडली, काम बदललं.

मेढ्याचा मधपाळ: दादा, सगळ्याच गेल्या का पण? काही अळ्यांपाशीच राहिल्या असतील. आधी कोण निघतं, तिथंच रक्त दिसतं. उकाड्याचंही तसंच. एकीला थोडं तापलं तरी पंख मारावेसे वाटतात, दुसरीला बरंच तापल्यावर. बाप वेगवेगळे असले की एकेक करून पंखे सुरू होतात आणि पिल्लांपाशी ३५ अंशांच्या आसपास तापमान टिकून राहतं. बाप एकच असला की ते जास्त वरखाली होतं.

प्राणिशास्त्र शिकवते, सांगली: हे बरोबर, पण ‘पहाऱ्याचं जनुक’ असं एकच काही धरू नका. रोगट अळीच्या घराचं झाकण उघडायला एक जनुक आणि अळी बाहेर काढायला दुसरं, असं १९६४ मध्ये रोथेनबुलर या मधमाशी-अभ्यासकांनी मांडलं होतं. पुढच्या अभ्यासांत गुंता बराच वाढला. आणि राणीघरांबद्दल तुम्ही घाई करताय. राण्या बहिणी असल्या तरी जुळणी हवेत, बाहेरच्या नरांशी होते. नर कुठून येतात ते आधी बघा.

सातेरीवाला, महाबळेश्वर: आमच्याकडे बरेचसे जंगलातल्या ढोलीतल्या पोळ्यांतून येतात. ती जुनी झाडं राखा म्हणत असाल तर मी तुमच्या सोबत आहे. काम मात्र नडच ठरवते, हे माझं मत कायम.