मदत हवी आहे: त्रिपुरी पौर्णिमेला तलावावर आतषबाजी आहे, होड्यांतल्या माणसांचं काय?

नमस्कार मंडळी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढे आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाला लागून पाटबंधाऱ्याचा लहान तलाव आणि काठावर महादेवाचं देऊळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उजळते, बायका पायऱ्यांवर बसून द्रोणात दिवे सोडतात, आणि आजवर उत्सव तेवढाच होता. यंदा मुंबईला स्थायिक झालेल्या मंडळींनी मोठी वर्गणी पाठवली आहे. तलावाच्या मधोमध तराफा बांधून त्यावरून आकाशातलं दारूकाम करावं अशी त्यांची इच्छा आहे, आणि गावाने होकार दिला आहे.

इथपर्यंत ठीक होतं. पण परवाच्या बैठकीत असं निघालं की पाहुणे, माहेरवाशिणी आणि लहान मुलं यांना होड्यांत बसवून पाण्यातूनच आतषबाजी दाखवायची. कोळी बांधवांच्या चार लाकडी होड्या आहेत, शिवाय दोन इंजिनाच्या बोटी भाड्याने आणायच्या आहेत. तलावाची रुंदी काठापासून काठापर्यंत साधारण ४०० मीटर आहे.

बैठकीत सगळे ठिणग्यांबद्दल बोलत होते. मला त्याहून जास्त धास्ती होड्यांची वाटते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी २१ मे ला आपल्या उजनी धरणात वादळी वाऱ्याने बोट उलटली, सहा जण गेले. या दोन्ही दुर्घटना दिवसाउजेडी झाल्या. आम्ही तर रात्री माणसं नेणार, आणि प्रत्येकाची मान वर असणार.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. होड्या तराफ्यापासून किती लांब ठेवायच्या? त्या जागेवर कशा धरून ठेवायच्या? एका होडीत किती माणसं बसवायची आणि मुलांना न्यावं का? आतषबाजी संपल्यावर सगळ्यांना काठावर कसं आणायचं? ज्यांनी पाण्यावर किंवा दारूकामात प्रत्यक्ष काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. "नकाच करू" असं सांगायचं असेल तरी चालेल, फक्त कारण सांगा, म्हणजे मला ते बैठकीत मांडता येईल.

प्रतिसाद

ताई, कागदपत्रांपासून सुरुवात करा. तलाव जलसंपदा विभागाचा असेल तर त्यांची परवानगी लागेल. आतषबाजीसाठी पोलीस आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करा, आणि दारूकाम करणाऱ्याचा परवाना स्वतः पाहा. रात्री १० नंतर आवाजाचे फटाके चालत नाहीत, म्हणून वेळ आठ-साडेआठची धरा.

भाड्याच्या बोटींची नोंदणी आणि तपासणीचा दाखला मागून घ्या. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. दाखल्यावर प्रवासी संख्या लिहिलेली असते, तिच्यापुढे एकही माणूस नको. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूद आहे. तेव्हा कोळ्यांच्या चार होड्यांची यादी तुमच्या ग्रामपंचायतीनेच केली तर बरं होईल. त्या निमित्ताने प्रत्येक होडीचं बूड कुणीतरी तपासेल.

प्रतिसाद

आमचं गाव कवठे एकंदच्या जवळ आहे. दसऱ्याला तिथे सिद्धराजाच्या पालखीपुढे जे दारूकाम होतं ते लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि पुढे काही वर्षं लग्नसमारंभांतल्या आतषबाजीच्या कामातही होतो. म्हणून जरा लांब लिहितो.

अंतर गोळ्याच्या, म्हणजे नळकांड्यातून उडून आकाशात फुटणाऱ्या फटाक्याच्या, व्यासावर ठरतं. अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ११२३ क्रमांकाच्या मानकात सोपा हिशोब दिला आहे: दर इंच व्यासाला ७० फूट. म्हणजे ३ इंची गोळा असेल तर २१० फूट, साधारण ६४ मीटर. ४ इंचीला ८५ मीटर. ६ इंचीला १२८ मीटर. एवढ्या वर्तुळाच्या आत दारूकाम करणाऱ्यांशिवाय कुणी नको, आणि हे कमीत कमी अंतर आहे.

आता तुमच्या तलावाला हे लावून बघा. तराफा बरोबर मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना २०० मीटर पाणी मिळतं. ६ इंची गोळे उडवले तर १२८ मीटर गेले, उरले ७२. त्या ७२ मीटरमध्ये सहा बोटी, त्यांची हेलकावण्याची जागा आणि काठावरचा उथळ भाग. हे सगळं बसवल्यावर जादा अंतर ठेवायला जागाच उरत नाही. कंत्राटदार "मोठे गोळे लांबून शोभतात" म्हणेल, ते खरंही आहे, पण लहान तलावावर ३ इंचीच्या वर जाऊ नका. पौर्णिमेच्या आकाशात ३ इंची गोळाही भरपूर दिसतो.

जमिनीवर नसलेला एक धोका तराफ्यावर असतो. नळकांडी कितीही घट्ट बसवली तरी तराफाच कलला तर सगळी नळकांडी त्याच्याबरोबर कलतात. पहिले दोन-चार गोळे सुटताना खाली जो धक्का बसतो त्याने हलका तराफा डुलतो, आणि पुढचा गोळा सरळ वर न जाता होड्यांच्या दिशेने जाऊ शकतो. म्हणून तराफा जड आणि रुंद हवा. तो चारही कोपऱ्यांना दोर लावून चार दिशांना नांगरलेला हवा. नळकांडी वाळूत गाडून वर चौकटीने आवळलेली हवीत. मी तर ६४ मीटरचे दुप्पट धरून होड्या १३० मीटरवरच उभ्या करीन. अमेरिकेत अशा वेळी तटरक्षक दल तराफ्याभोवती पाण्याचं वर्तुळ जाहीर करून बाकी बोटींना मज्जाव करतं. आपल्याकडे ते वर्तुळ तुम्हालाच आखावं लागेल.

तराफ्यावर माणूस ठेवून हाताने वात पेटवू देऊ नका. जमिनीवर माणूस पळून तरी जातो, तिथे पळायला जागाच नाही. वायर टाकून काठावरून विजेच्या बटणाने पेटवणारा कंत्राटदार घ्या. महाग पडलं तर गोळे कमी करा.

न फुटलेला गोळा पाण्यात तरंगताना दिसला तर कुणीही वल्ह्याने ढकलायचा नाही, होडीत तर घ्यायचाच नाही. भिजला म्हणजे निकामी झाला असं नसतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कंत्राटदाराच्याच माणसांनी पाणी आणि काठ फिरून तपासायचा, आणि तोपर्यंत मुलांना काठावर सोडायचं नाही.

प्रतिसाद

व्यापारी जहाजांवर नोकरी केली, आता निवृत्त होऊन नाशिकरोडला राहतो. वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त होड्यांबद्दल लिहितो.

ताई, तुमची धास्ती अगदी योग्य जागी आहे. पहिला गोळा फुटला की माणसं उभी राहतात आणि मोबाईल काढून सगळी एकाच बाजूला झुकतात. लाकडी होडी उलटायला एवढं पुरतं, लाट लागत नाही. म्हणून प्रत्येक होडीचं तोंड तराफ्याकडे ठेवा, कूस नको. तोंड समोर असेल तर दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखंच दिसतं आणि कुणाला सरकावं लागत नाही. दिवसा जेवढी माणसं बसतात त्याच्या निम्मीच घ्या, आणि सगळी तळाशी बसवा, फळीवर नको. होडीवाल्याने एकच गोष्ट बघायची: कुणी उभं राहतंय का. त्याने आकाशाकडे बघायचंच नाही, हे त्याला आधी सांगून ठेवा.

नांगराचं गणित लोक विसरतात. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा लागतो, नाहीतर नांगर धरत नाही. पाणी ६ मीटर खोल असेल तर दोर ३० मीटर झाला, आणि वारा फिरला की होडी त्या नांगराभोवती ३० मीटरच्या घेऱ्यात फिरते. म्हणजे तुम्ही मोजून १३० मीटरवर नांगर टाकलेली होडी पलीकडे १६० वर जाईल किंवा अलीकडे १०० वर येईल, शिवाय शेजारच्या होडीवर आपटेल. यापेक्षा काठापासून काठापर्यंत एक जाड दोर ताणून घ्या, त्याला ठरावीक अंतरावर रिकामे कॅन बांधा, त्यांवर रेडियमची पट्टी चिकटवा, आणि होड्या तोंड तराफ्याकडेच ठेवून पुढून-मागून त्या दोरालाच बांधा. हद्दही तीच होईल आणि नांगरही तोच. दोर सोडवायला वेळ लागला तर कापता यावा म्हणून प्रत्येक होडीवाल्याच्या कमरेला कोयता हवा.

इंजिनाच्या बोटी बांधल्यावर इंजिन बंद. बोटी जवळजवळ उभ्या करून इंजिनं चालू ठेवली तर धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड मधल्या माणसांना बाधतो, आणि त्याला ना वास ना रंग. पेट्रोल काठावरच भरून घ्या, टाकीचं झाकण घट्ट लावा आणि वर ओलं पोतं टाका.

सगळ्यात वाईट वेळ शेवटचा गोळा विझल्यानंतरची असते. इतका वेळ लखलखाट पाहिलेले डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येकाला आधी काठाला लागायचं असतं. म्हणून निदान पंधरा-वीस मिनिटं एकही होडी सुटणार नाही हे आधीच जाहीर करा. तेवढ्यात भजन लावा, प्रसाद वाटा. मग नंबराने एकेक होडी सोडा, पहिली काठाला लागून रिकामी झाली की दुसरी. बसताना मोजलेली माणसं उतरताना पुन्हा मोजायची. प्रत्येक होडीत पांढऱ्या उजेडाची विजेरी हवी, पण ती समोरच्याच्या डोळ्यांत मारायची नाही. इंजिनाच्या बोटींना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा आहे का ते बघून घ्या.

प्रतिसाद

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमची मासेमारी आहे. वर सगळं बरोबर लिहिलंय, पण जाळ्यांचा विचार कुणी केला नाही. आम्ही संध्याकाळी जाळं टाकतो ते पहाटे उचलतो, त्याला दिवा नसतो. इंजिनाच्या पंख्यात जाळं गुंतलं की बोट जागेवर खिळते, आणि लोक घाबरून उठतात. काही जण हवा भरलेल्या ट्यूबवर बसूनही मासे धरतात, ते अंधारात दिसत नाहीत. त्या दिवशी दुपारपासून तलावात जाळं किंवा ट्यूब नको असं कोळ्यांच्या सोसायटीला सांगा, आणि त्यांचा एका दिवसाचा बुडालेला धंदा वर्गणीतून भरून द्या. नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि ऐकावं तरी का?

दुसरं, बायकांचं. सणाच्या साड्या बहुतेक नायलॉन-पॉलिस्टरच्या, त्यावर ठिणगी पडली की कापड वितळून अंगाला चिकटतं. आणि पाण्यात पडलं तर साडी पायांत गुंडाळते, पोहता येणारीलाही हात-पाय मारता येत नाहीत. होडीत बसणाऱ्या बायकांनी सुती पंजाबी ड्रेस घालावा. लाइफ जॅकेट काठावरच घालून, पट्टे आवळून, मगच होडीत पाय टाकायचा. बुडाखाली घेऊन बसायला ते दिलेलं नसतं. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पोर खालून निसटतं, त्याच्या मापाचं आणि दोन पायांमधून पट्टा असलेलंच हवं. ते मिळालं नाही तर मूल काठावर.

बोटीवर ताडपत्रीचं छत असेल तर काढून टाका. ठिणगीने पेटतं, आणि बोट उलटली तर माणसं त्याच्याखाली अडकतात.

प्रतिसाद

थोडं वेगळं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तलावाचं पाणी गाव पितं का? अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या एका तलावावर आतषबाजीनंतर पाण्यातलं परक्लोरेट (दारूकामात वापरलं जाणारं रसायन) मोजलं होतं, तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आतषबाजीनंतर काही तासांतच ते नेहमीच्या शेकडो पट वाढलेलं आढळलं आणि मूळ पातळीला यायला कित्येक आठवडे लागले. परक्लोरेट थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं. नळपाणी योजनेची विहीर तलावाच्या काठाला असेल तर तराफ्याची कल्पनाच सोडा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळे प्रतिसाद छापून बैठकीत वाचून दाखवले.

नळपाण्याची विहीर तलावाच्या खालच्या अंगालाच आहे, त्यामुळे तराफा रद्द झाला. आता दारूकाम पलीकडच्या ओसाड काठावरून करायचं असं ठरतंय, ३ इंचीपर्यंतचेच गोळे, काठावरून विजेने पेटवून. ते पाण्याच्या उलट बाजूला, माळाकडे कलवून उडवायचे, म्हणजे राख आणि तुकडे पाण्यात कमी पडतील. होड्या मग देवळाकडच्या अर्ध्या पाण्यातच राहतील आणि अंतराचा प्रश्न बराच सुटेल. दहा वर्षांखालच्या मुलांना होडीत न्यायचं नाही, यावर थोडी कुरबुर झाली पण ते मान्य झालं. कोळी सोसायटीला भरपाई द्यायचंही ठरलं.

यातून एक नवीन प्रश्न उभा राहिला आहे. त्या माळावर कार्तिकात गवत कमरेएवढं असतं आणि वाळायला लागलेलं असतं.

प्रतिसाद

कवठे एकंदवाला पुन्हा. गवत आधी कापून घ्या, जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी) काढा, आणि आदल्या दिवशी टँकरने जमीन भिजवा. गोळे माळाकडे कलवणार असाल तर त्या दिशेला दुप्पट अंतरापर्यंत गवत कापलेलं हवं, कारण कललेल्या नळकांड्याचं सगळं त्याच बाजूला पडतं. अग्निशमनचा बंब बांधावर नाही, माळाच्या बाजूलाच उभा करा. आणि त्या रात्री वारा पडला तर धूर पाण्यावर बसतो, होड्यांना काठ दिसत नाही. उतरायच्या घाटावर एक मोठा दिवा कायम चालू ठेवा, आतषबाजी चालू असतानासुद्धा.

प्रतिसाद

नाशिकरोडवाला. एक रिकामी इंजिनाची बोट, तिच्यात दोन पट्टीचे पोहणारे, दोर आणि ट्यूब. तिच्यात प्रवासी बसवायचा नाही, कितीही मोठा पाहुणा आला तरी. १०८ ची रुग्णवाहिका घाटाजवळ उभी राहील का ते आधीच विचारून ठेवा. आणि आदल्या रात्री फटाके सोडून बाकी सगळं एकदा करून बघा: माणसं बसवणं, दोराला बांधणं, मोजणं, सोडणं. कुठे घोळ होतो ते तेव्हाच कळेल.

धागाकर्ती

रंगीत तालीम ठरली. दिवाळीनंतरच्या रविवारी गवत कापायला सुरुवात करतोय.

आता दोन वस्तू हव्या आहेत. काठापासून काठापर्यंत पुरेल एवढा, साधारण ४५० मीटर जाड नायलॉनचा दोर, आणि मोठ्यांच्या मापाची चाळीस लाइफ जॅकेटं, दोन दिवसांसाठी भाड्याने. नाशिकमध्ये कुणाकडे असतील किंवा देणारा माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जॅकेटं आम्ही आधी येऊन पाण्यात घालून बघू, मगच घेऊ.