आरडी ३५०: दोन कार्ब्युरेटरसाठी एअर बॉक्स बनवून घ्यायचा आहे

कोथरूड_आरडी
नमस्कार मंडळी. गाडी पुण्यातली, राजदूत ३५० (यामाहा आरडी ३५०ची भारतात बनलेली आवृत्ती), हाय टॉर्क मॉडेल. मूळ एअर बॉक्स (एअर फिल्टरची पेटी) खालून सडलाय, तो कार्ब्युरेटरला जोडणारे रबरी बूट कडक होऊन तडकलेत. नाना पेठेत मिळणारे कोन फिल्टर सरळ कार्ब्युरेटरच्या तोंडाला लावावेत की पत्र्याचा नवा बॉक्स करून घ्यावा? भोसरीत लेझर कटिंग, टिग वेल्डिंगची सोय आहे. माप, मटेरियल, जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नंबर ठरवणं) यावर जाणकारांनी सांगावं. गाडी रोजच्या वापराची आहे.

जेट_नंबर
रोजच्या गाडीला कोन फिल्टर नकोतच. बॉक्समधून हवा ओढली जाते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो. फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचा) व्हेंट, म्हणजे हवेचं छिद्र, मात्र बाहेर उघडतं. त्या फरकामुळे जेटमधून पेट्रोल थोडं जास्त चढतं आणि कंपनीचे जेट हे धरूनच ठरवलेले असतात. बॉक्स काढला की तेच जेट लीन पडतात, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आरडीत ऑइल पंप वेगळा असल्यामुळे ऑइल कमी होत नाही, पण लीन मिश्रणाने पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन फुगतो आणि फुल थ्रॉटलवर सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो.

आता माप. ३४७ सीसी टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला हवा आत. ७००० आरपीएमला जास्तीत जास्त २४०० लीटर प्रति मिनिट धरा. फोममधून हवेचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास ठेवायचा तर फिल्टरचं क्षेत्रफळ ४०० चौ. सेंमी लागतं. सीटखाली एवढा सपाट फिल्टर बसत नाही. १० सेंमी व्यासाचा, १३ सेंमी लांबीचा गोल पिंजरा करून त्यावर फोम चढवा, तेवढंच क्षेत्रफळ मिळतं. बॉक्सचं आकारमान निदान ३ लीटर, हवा आत येण्याचं तोंड १८ ते २० चौ. सेंमी.

पत्रा_आणि_टिग
आधी पुठ्ठ्याचा बॉक्स करा, तोही कार्ब्युरेटर इंजिनवर बसवलेले असताना. दोन्ही तोंडांमधलं अंतर टेबलावर मोजलं की हमखास चुकतं, मग बूट तिरके बसतात आणि खालच्या बाजूने हवा ओढतात.

बॉक्सला १.२ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, कार्ब्युरेटरकडच्या बाजूला ३ मिमी प्लेट. तिच्यात ४० मिमी लांबीचे दोन पाइप वेल्ड करा, बॉक्सच्या आतलं टोक ६ ते ८ मिमी त्रिज्येने बाहेर वळवा. कडा धारदार राहिली तर हवा तिथेच फाटते. या तोंडासमोर ४० मिमी मोकळी जागा हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फिल्टर दोन्ही पाइपांच्या बरोबर मध्यावर. एका बाजूला सरकला तर दोन सिलिंडरचे प्लग वेगवेगळ्या रंगाचे निघतात आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतो.

तळाला ६ मिमी ड्रेन ठेवा, ब्लोबॅकचं, म्हणजे इंजिनकडून उलट फेकलं गेलेलं, पेट्रोल-ऑइल तिथे साचतं. आतून पेट्रोल सोसणारा इपॉक्सी रंग द्या. साधा रंग सुटला तर पापुद्रे थेट कार्ब्युरेटरमध्ये जातात.

कोथरूड_आरडी
खूप आभार. झाकणाच्या सांध्याला सिलिकॉन सीलंट चालेल का? आणि फोम सोफ्याचा?

पत्रा_आणि_टिग
दोन्ही नाही. सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, तुकडे सुटतात. झाकणाला ३ मिमी नायट्राइल (पेट्रोल सोसणाऱ्या) रबराची गॅस्केट. बूटही नायट्राइलचेच, सिलिकॉन होज नकोत. होज आणि क्लिप बोहरी आळीत मिळतील. जाताना कार्ब्युरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या.

सोफ्याचा फोम पेट्रोलच्या वाफेने भुगा होतो. एअर फिल्टरसाठीचाच खुल्या छिद्रांचा फोम घ्या, फिल्टर ऑइल चोळून पूर्ण पिळा. धुताना रॉकेल, मग साबण-पाणी. पूर्ण वाळल्यावरच पुन्हा ऑइल.

घाट_आणि_धूळ
हवेचं तोंड सीटखाली, मागे आणि खाली वळवा. ताम्हिणीच्या पावसात पुढे तोंड असलेला बॉक्स पाणी पितो.

बॉक्स बसवल्यावर दोन्ही बुटांच्या आत ग्रीसचा पातळ थर द्या, १०० किमी चालवून उघडा. ग्रीसवर धुळीची रेघ दिसली की गळती त्याच बाजूला. आणि एक फरक ध्यानात ठेवा: कार्ब्युरेटरच्या आधीची गळती मुख्यतः धूळ आत नेते, बोअर घासते. कार्ब्युरेटर आणि रीड ब्लॉक (इंजिनच्या तोंडावरचा एकतर्फी झडपेचा ठोकळा) यांच्यामधली गळती मिश्रण लीन करते, ती आधी बंद करा. नाहीतर जेटिंगचा काहीच अर्थ लागणार नाही.

जेट_नंबर
जेटिंगची सुरुवात मूळ मेन जेटपेक्षा दोन नंबर मोठ्याने करा, दोन्ही कार्ब्युरेटरला सारखंच. नवे प्लग, तिसरा गिअर, मोकळा रस्ता, फुल थ्रॉटल. मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद. प्लग काढून बघा, पोर्सेलिनच्या तळाशी तपकिरी कडं दिसलं तर ठीक. पांढरं असेल तर जेट आणखी मोठा, काळं ओलं असेल तर एक नंबर खाली. ही चाचणी फोमला ऑइल लावून आणि झाकण बंद करूनच घ्या, कोरड्या फोमवर काढलेला नंबर नंतर जुळत नाही.