मदत हवी आहे : मैत्री आणि पहिल्या प्रेमावरची हलकीफुलकी किशोर कादंबरी

माझ्या दहावीतल्या मुलीने एकाच मुलावर जीव जडलेल्या दोन मैत्रिणींची एक इंग्रजी कादंबरी रंकाळ्याच्या काठावर बसून दोन संध्याकाळींत संपवली आणि समासात पेन्सिलीने लिहिले, "मी असते तर आधी हिलाच सांगितलं असतं." ते वाचून मला फार बरे वाटले. अशाच विषयावरची, उपदेश न करणारी आणि शेवटी मैत्री टिकवणारी मराठी कादंबरी कोणाच्या वाचनात आली असल्यास कृपया तिचे नाव सुचवावे. बालकथांचे वय आता सरले आहे, आणि मोठ्यांच्या प्रेमकथा तिला इतक्यात द्याव्यात असे मला वाटत नाही. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराचे आम्ही सभासद आहोत, त्यामुळे नाव कळताच तेथे विचारता येईल.