मदत हवी आहे: भीमगडच्या गावांसाठी पावसाचं पाणी साठवायचंय

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातली गावं पावसाळ्यात नाले भरले की बेटंच होतात, आणि मे महिन्यात झरे आटतात. म्हादई नदीचा उगम इथलाच, तरी ही गत! प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाच्या बेटांवर तर नदीच नाही, लोक छतावरचं पाणी टाक्यांत साठवून पितात. २०११ च्या दुष्काळात तिथंही आणीबाणी जाहीर झाली. म्हणजे नुसत्या टाकीवर विसंबणं नको, झऱ्यावरून उताराने येणारी पाइपलाइनही हवी.

पंचायत, वनखातं आणि जलजीवन मिशनचे (घरोघरी नळाचं पाणी देण्याची सरकारी योजना) इंजिनिअर यांना एकत्र कसं बसवायचं? आधी अर्ज कुणाकडे? पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायची जोडणी कौलारू छपराला कुणी केलीय का? कन्नड अर्जाचा नमुना असेल तर फारच बरं.