इंदूरमधून मराठी वेब मालिका : प्रेक्षक आणि पैसा यांची जुळणी कशी करावी?

रामबागकर (प्रश्न)
सप्रेम नमस्कार. आम्ही तिघे मित्र इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी एकत्र कुटुंबावर यूट्यूबसाठी मालिका करतो. तिची भाषा आमच्या घरांत बोलली जाते तीच, म्हणजे हिंदीच्या शेजाराने घडलेली इंदुरी मराठी आहे. प्रत्येकी सुमारे १२ मिनिटांचे सहा भाग झाले असून सबस्क्रायबर ३४० आहेत. आतापर्यंतचा सर्व खर्च पदरचा आहे. हितचिंतक सांगतात की हिंदीत करा, नाहीतर शॉर्ट्स (यूट्यूबवरचे अगदी छोटे उभे व्हिडिओ) करा. भाषा सोडण्याची आमची मुळीच इच्छा नाही. पुढचे सहा भाग करायचे तर आधी कशाकडे लक्ष द्यावे?

संकलक, वडोदरा
मी सहाही भाग पाहिले. दुसऱ्या भागात आजी गच्चीवर पोहे निवडता निवडता घराच्या वाटणीचा विषय काढतात, सुपातला हात थांबतो आणि पुन्हा चालू लागतो. हे दृश्य फार सुंदर आहे. परंतु तिथे पोहोचण्याआधी ४० सेकंदांचे शीर्षकगीत ऐकावे लागते. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळतात हे दाखवणारा आलेख असतो, तो प्रत्येक भागाचा पाहावा. आमच्या दांडिया बाजारातल्या मालिकेत गीतावरच रेषा कोसळत होती. दृश्य आधी घेऊन गीत सहा सेकंदांवर आणले, तेव्हा ती सावरली.

भाषा बदलू नका, हिंदी उपशीर्षके द्या. आपल्याकडे कित्येक घरांत सून किंवा जावई हिंदीभाषक असतो आणि त्यांच्यासह सारे घर एकत्र बसून पाहू शकते. जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी यूट्यूबची ४,००० तास पाहिले जाण्याची अट आहे, तीत शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ धरला जात नाही; म्हणून त्यांचा उपयोग पूर्ण भागाकडे नेणारी वाट एवढाच ठेवावा.

हिशेबनीस, इंदूर
जाहिरातींतून वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत पाहिले गेलेले ४,००० तास लागतात. तुमचा १२ मिनिटांचा भाग प्रेक्षकाने सरासरी निम्मा पाहिला असे धरले, तर त्यासाठी ४०,००० वेळा पाहिले जाणे आवश्यक आहे. सदस्यत्वाची, म्हणजे प्रेक्षकांकडून दरमहा वर्गणी घेण्याची सोय मात्र ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास एवढ्यावर खुली होते, म्हणून माझ्या मते तेच पहिले लक्ष्य असावे. जाहिरातींचे ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, सदस्यत्वाचे ७० टक्के. दीडशे घरांनी दरमहा ५९ रुपये दिले, तर जमा ८,८५० होते आणि कर वजा होण्याआधीच्या हिशेबाने तुमच्या वाट्याला सुमारे ६,२०० येतात.

ही कल्पना इंदूरला नवीन नाही. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेची नाटके आपले लोक वर्षाची वर्गणी आधी भरूनच पाहतात. पुढचे नाटक कोणते हे ठाऊक नसतानाही ते पैसे भरतात, कारण प्रयोग ठरल्या दिवशी होणारच, ही खात्री त्यांना असते. तुमचे भाग कधी १९ दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी आले. ही खात्री तुम्ही अजून दिलेली नाही. पुढचे सहाही भाग तयार झाल्याशिवाय त्यांतला पहिला प्रसिद्ध करू नका, आणि मग दर रविवारी रात्री ९ वाजता एक द्या.

संकलक, वडोदरा
एक भर घालतो. प्रायोजक मिळाला तर संवादांत बदल किती वेळा मागता येईल आणि पैसे कधी मिळतील, हे चित्रीकरणापूर्वी लेखी घ्या. आमच्याकडे एका व्यापाऱ्याने निम्मी रक्कम देऊन, संकलन झाल्यावर संपूर्ण प्रसंग बदलायला सांगितला होता, आणि तोंडी बोलण्यापलीकडे आमच्या हाती काही नव्हते. प्रायोजन आहे हे प्रेक्षकांनाही स्पष्ट सांगावे लागते.

रामबागकर
उभयतांचा मनःपूर्वक आभारी आहे. आलेख आजच पाहिला. दुसऱ्या भागात जवळजवळ निम्मे प्रेक्षक गीतातच निघून गेले होते. सातव्या भागाची सुरुवात थेट स्वयंपाकघरातून करतो आहोत, आणि सहाही भाग हाती आल्यावरच पहिल्या रविवारची तारीख इथे कळवीन.