रोजच्या भाजीसाठी चॉपिंग बोर्ड: लाकडी, बांबू की प्लास्टिक?

ओलीहळद:
गुडघ्यांनी संप केल्यापासून विळीवर बसणं बंद झालंय. आता ओट्याशी उभं राहून सुरीनंच चिरते. आतापर्यंत तीन बोर्ड झाले.

पहिला बांबूचा. दिसायला देखणा, पण डोंबिवलीच्या पावसात गटारीच्या सुमारास कडेला काळे ठिपके आले आणि गणपतीपर्यंत एक पट्टी सांध्यातून सुटली. दुसरा पांढरा प्लास्टिकचा, अजून आहे. मधोमध इतके चरे पडलेत की बोट फिरवलं तर नख अडकतं. ओल्या हळदीचं लोणचं केलं तेव्हापासून तो पिवळा आहे, आणि चऱ्यांत कोथिंबिरीच्या हिरव्या रेघा. तिसरा काचेचा, नणंदेनं दिलेला. त्यावर सुरी टेकली की माझ्या दाढेत कळ येते. तो आता पोळपाटाखाली असतो.

रोज दोन वेळची भाजी, तीन-चार कांदे, बुधवारी-रविवारी मासे. आता घ्यायचा तो एकदाच. काय बघून घेऊ?

सुतारपक्षी:
काचेला पोळपाटाखाली ठेवलंत ते उत्तम, सुरीची धार वाचली.

सुट्टीत रंधा मारायचा छंद आहे म्हणून सांगतो. बांबू म्हणजे गवत. पट्ट्या डिंकानं चिकटवून बोर्ड करतात, सांधा पाणी प्यायला की संपलं. शिवाय तो कडक, सुरी लवकर बोथट करतो. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण ओल धरतं, वाकतं आणि कीडही लागते. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे पाण्याला तो टिकतो. दोष एकच, त्यात सिलिका असते. माझ्या रंध्याचं पातंही सागावर लवकर बोथट होतं, तेव्हा तुमच्या सुरीला धार जरा जास्त वेळा लावावी लागेल. आपल्या पावसाळ्यात मला हा सौदा परवडतो.

जाडी दोन सेंटिमीटरच्या खाली नको, पातळ फळी वाकते. लाकडाचे उभे तुकडे जोडून केलेले, वरून चौकटी-चौकटी दिसणारे बोर्डही मिळतात. त्यांत सुरी लाकडाच्या तंतूंच्या मधे शिरते, खराट्याच्या काड्यांत शिरावी तशी, म्हणून धार टिकते. पण ते जड. रोज उचलून धुवायचा तर आधी मनगटाला विचारा.

चकचकीत पॉलिशवाला घेऊ नका. तेल लावायला केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणा, साधं, चव-रंग न घातलेलं. ते बद्धकोष्ठावर देतात, त्यामुळे तो जरा सहानुभूतीनं बघेल. शेंगदाणा तेल नको, खवट आणि चिकट होतं.

बांगडा_फ्राय:
माशांसाठी वेगळा बोर्ड, यात तडजोड नाही. बोंबील ज्यावर कापला त्यावर कलिंगड कापून बघा, म्हणजे पटेल.

लाकूड घाणेरडं आणि प्लास्टिक स्वच्छ असं आपण धरून चालतो. अमेरिकेत डीन क्लायव्हर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात तपासलं तेव्हा नवं प्लास्टिक सहज स्वच्छ झालं, पण चरे पडलेलं हातानं घासून नीट निघेना. लाकडात मुरलेले जंतू मात्र वाढत नव्हते, हळूहळू मरत होते. म्हणून मी माशांना प्लास्टिकचाच वापरते, पण स्वस्तातला, आणि नख अडकायला लागलं की सरळ फेकते. तुमचा तो पिवळा आजच निवृत्त करा.

मासे कापल्यावर आधी गार पाणी, मग साबण, मग गरम पाणी. पहिल्यांदाच गरम ओतलं तर चिकटा तिथेच शिजून बसतो.

विळीवालीमावशी:
विळीवर कोबी जसा केसासारखा पडतो तसा तुमच्या सुरीनं पाडून दाखवा, मग बोलू. ओट्यावर ठेवायची विळी मिळते हो! (गुडघ्यांना शेकत जा.)

ओलीहळद:
मावशी, कोबीचं मान्य.

तीन आठवड्यांनी लिहितेय. दुकानात जाण्याआधी वर्तमानपत्र कापून सिंकमध्ये आडवं घालून पाहिलं. चौदा बाय दहा इंच बसलं, त्याहून मोठा बोर्ड नळाखाली फिरलाच नसता. तो कागद घेऊन कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले आणि कोऱ्या सागाची एकसंध फळी कापून घेतली. कडा त्यानं गोल केल्या. लिक्विड पॅराफिनचे चार हात दिले, रोज रात्री एक. केमिस्ट खरंच सहानुभूतीनं बघत होता.

आवाज आवडला, खटखट नाही, दबका टपटप. मेथी चिरताना सुरी घसरत नाही. खाली ओलं फडकं घातलं की बोर्डही जागचा हलत नाही. धुताना दोन्ही बाजू भिजवते, एकच भिजली की फळी वाकते म्हणतात. मग ताटांच्या स्टँडमध्ये उभा. एकच गोष्ट लक्षात आली नव्हती: फळी इंचभर जाड, तेवढा ओटा उंच झाला, आणि माझी उंची चार फूट अकरा. कांदे जास्त असले की खांदे भरून येतात. सध्या पायाखाली पाट घेते.

काल लेकानं न विचारता त्यावर बीट कापलं. लिंबू-मीठ चोळून ठेवलंय.