शिकागोची मोनॅडनॉक: बघण्यासारखं काय आहे तिच्यात?

कोथरूडची_मुक्ता: ऑफिसच्या कामाने शिकागोला येतेय, मोकळा दिवस एकच. जो तो म्हणतो मोनॅडनॉक इमारत बघ. फोटोत तर 16 मजल्यांचा तपकिरी ठोकळा दिसतो, नक्षी नावालाही नाही. त्यापेक्षा विलिस टॉवरवर का चढू नये?

लूपमधला_काका: विलिसवरून शहर दिसेल, पण हात लावायला मोनॅडनॉकच हवी. मी रोज ऑफिसला जाताना तिच्या पोटातूनच जातो, बाहेर वारा असो नसो. उत्तरेचा अर्धा भाग 1891 चा, बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांचा. सगळा भार विटांच्या भिंतींवर, म्हणून तळाशी भिंत सहा फूट जाड! जॅक्सन रस्त्याच्या बाजूने जा आणि खिडक्या किती खोल बसल्यात ते बघ. दक्षिणेचा भाग 1893 चा, होलाबर्ड आणि रोश यांचा, पोलादी सांगाड्याचा. तिथे भिंती एकदम सडपातळ. दोन वर्षांत बांधकामाचं युग बदललं, ते एकाच इमारतीत दिसतं. रूट बिचारा ती पुरी व्हायच्या आधीच गेला. आणि नक्षीचं म्हणशील, तर तळाशी नि माथ्याशी भिंत जो बाक घेते तीच नक्षी. आत अॅल्युमिनियमचे जिने आहेत, त्या काळातली नवलाई.

पवईकर: आठ इंच खचेल असं धरूनच बांधली होती म्हणे?

लूपमधला_काका: हो, खचली त्याहून जास्त. मऊ चिकणमाती ना खाली.

नेवार्कचा_नाना: मला दक्षिणेचाच भाग आवडतो. काका, भांडू नका.